लाँड्रीच्या भिंतीजवळचं मडकं

सकाळी चहा चाखायची वेळ झाली की ताईच्या पोटात दुखायला लागायचं. डॉक्टरला सांगता येईल असलं दुखणं नव्हे ते. दुकानातल्या लांब टेबलावर भाऊ पांढरे पेले मांडायचा, किटली उकळायची, सगळे जण पेले तोंडाला लावून फुर्र फुर्र आवाज काढायचे, आणि मग बाबा आपला पेला खाली ठेवून म्हणायचे, "सूनबाई, तुला काय वाटतं गं?" झालं! तिथून दुपारच्या जेवणापर्यंत ताईचा नुसता जळफळाट.

आधी विचारायचे ते कुणाला? ताईला. फ्रॉक घालत होती तेव्हापासून. बाबांच्या मांडीवर बसून, बशीत गार केलेला चहा चाटत ती हे काम शिकली. आणि दुकान काही साध्या चहाचं नव्हतं. पाण्यात टाका, उकळा, साखर घालून ढोसा, असला माल बाबांनी उभ्या जन्मात ठेवला नाही. त्यांच्याकडे मिळायचा पु-अर. हा चहा वर्षानुवर्षं ठेवून मुरवायचा. बहुतेक व्यापारी तो दाबून त्याच्या चकत्या करतात, पण बाबांचा हट्ट सुट्या पानाचा. सुटं पान लवकर मुरतं, ते म्हणायचे, आणि लवकर बिघडतंही. त्याला हवा हवी, पण वारा नको. थोडी ओल हवी, पण बुरशी धरता कामा नये. शेजारी जे ठेवाल त्याचा वास ते ओढून घेणार. एकूण काय, घरातल्या म्हाताऱ्या माणसापेक्षा जास्त नखरे.

खरी मेख होती कोवळ्या पानात. वसंतात नवं पान यायचं तेव्हा ते आज कसं लागतंय हे सांगून कुणाला उपयोग नव्हता. ते मुरल्यावर कसं लागेल ते आजच सांगायचं. कोवळा पु-अर कडू असतोच. घोट गिळल्यावर कडूपणा जिभेवर ठाण मांडून बसला तर ते पान परत पाठवायचं. कडूपणा विरून गेला आणि घशाच्या तळातून सावकाश गोडवा वर आला, तर डोळे मिटून घ्यायचं. आणि जे पान पहिल्याच दिवशी गोड लागतं, घमघमतं, त्याच्यापासून चार हात लांब राहायचं, कारण ते कढईत जास्त भाजलेलं असतं. त्याच्यात मुरायला काही उरलेलंच नसतं.

टेबलाच्या टोकाला उंच पाठीची एक खुर्ची होती. तिच्यात बसेल त्यानं पहिला घोट घ्यायचा आणि बोलायचं मात्र सगळ्यांत शेवटी. आधी बाकीच्यांनी बोलावं, भांडावं, चुकावं. मग खुर्ची बोलली की विषय संपला. आजोबा त्या खुर्चीत बसले, मग बाबा बसले, आणि बाबांच्या नंतर ताई बसणार यात ताईला तरी कसलीच शंका नव्हती. त्या खुर्चीसाठी तिनं काय काय सोडलं होतं! कांदा सोडला, लसूण सोडला, मिरचीच्या वाटेला गेली नाही. सुगंधी साबण नाही, केसांत फूल नाही. जीभ आणि नाक स्वच्छ राहायला पाहिजे ना! एकदा एक चांगलं स्थळ सांगून आलं, पण मुलाचा धंदा निघाला अत्तराचा. बाबांनी विचारायच्या आधीच तिनं नकार कळवून टाकला.

आणि मग भावानं लग्न करून ही आणली.

ही म्हणजे सूनबाई. बाबा तिला त्याच नावानं हाक मारायचे, म्हणून ताईही तसंच म्हणायची, पण बाबांच्या तोंडून ते नाव मायेनं यायचं आणि ताईच्या तोंडून दातांतून. ही बया जेवताना अख्खा कच्चा कांदा कचाकचा खायची. मनगटाला अत्तर लावायची. हसायची तर पलीकडच्या लाँड्रीतल्या बायका डोकावून बघायच्या. अशी ही हात पुसत टेबलाशी यायची, एक घोट घ्यायची आणि म्हणायची, "बाबा, हे पान तोडल्यावर भिजलंय. पावसात. मग वाळवलंय." दलालाला विचारावं तर तो कान पकडायचा. खरंच भिजलेलं असायचं. ताईला ते पान नुसतंच 'जरा मंद' वाटलेलं असायचं. म्हणजे जन्मभर कांदा सोडला तो काय उगाच? हा प्रश्न ताईच्या मनात येऊन गेला नाही असा दिवस जात नव्हता. "दैवानं दिलेलं असतं एकेकाला," असं भाऊ बायकोच्या कौतुकानं म्हणाला की ताईचा तिळपापड व्हायचा. दैवानं हिलाच बरं दिलं! वेण्या घालून बाबांच्या मांडीवर ती बसली होती होय?

एका हिवाळ्यात बाबा आजारी पडले. बरे झाले, पण तोंडाची चव गेली ती परत आली अर्धीमुर्धीच. कडू कळायचं, पण घशातला गोडवा कळेना. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण वसंतात दलालकाका नव्या पानाची दोन पोती घेऊन आले, पेले भरले, आणि बाबा खुर्चीत बसून पहिला घोट घेऊन गप्पच राहिले. बाकीचे बोलून झाले तरी गप्प. शेवटी म्हणाले, "ही खुर्ची आता मला मोठी होते. दोघींनी एकेक पोतं निवडा. दोन मडक्यांत भरून ठेवू. मुरलं की उघडू. जिचं पान चांगलं निघेल तिची खुर्ची."

भाऊ हसत म्हणाला, "बाबा, परीक्षाच घेताय की!"

"घेतोय," बाबा म्हणाले. त्यांना हसू आलं नाही.

ताईनं पहिल्या पोत्याचा चहा घेतला. काय तो सुवास! फुलांचा, भाजलेल्या दाण्यांचा, आणि घोट असा मऊ की तोंडातून जाऊच नये. मग दुसऱ्याचा घेतला, आणि कानशिलं तापली. कडूजहर. तिनं गिळला, वाट पाहिली. कडूपणा ओसरला. आणि मग घशातून गोडवा आला, थांबला, आणखी आला. ताई मनात म्हणाली, हेच. असं पान तिनं आजवर चाखलं नव्हतं. पेला खाली ठेवून तिनं हात पुढे केला, तर त्या पोत्यावर सूनबाईचा तळवा आधीच टेकलेला.

"बाबा, मी हे घेते," सूनबाई म्हणाली.

ताईचा हात हवेतच वळला. "मग मी हे," ती म्हणाली आणि तिनं घमघमणारं पोतं जवळ ओढलं.

दलालकाका म्हातारे आणि मुरलेले. त्यांनी भुवया उंचावल्या. "ताई, नक्की?"

"नक्की म्हणजे? मला शिकवणार का आता तुम्ही, काका?"

काकांनी पोत्याचं तोंड बांधलं. ताईला चांगलं ठाऊक होतं की आपण काय केलं. "मलाही हेच हवं होतं," एवढं म्हणायचं होतं, पण म्हणजे काय, सूनबाईनं दाखवलेल्या वाटेवरून ताईनं चालायचं? ते होणे नाही. त्यापेक्षा चुकीचं पोतं बरं, निदान स्वतःचं तरी. आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिनं स्वतःला पटवूनही टाकलं की सगळीच गोड पानं काही फसवी नसतात, एखादं असतं नशीबवान.

कोठीची किल्ली ताईच्या कमरेला. दोन्ही मडकी तीच सांभाळणार हे ठरलं. भाऊनं तेव्हाही तोंड उघडलं. "अहो बाबा, पण दुसरं मडकंही ताईच्या..."

"ती माझी लेक आहे," बाबा म्हणाले, आणि तो विषय तिथे संपला.

आता कोठी कशी होती ते सांगायला हवं. लांबट खोली, एका टोकाला उंचावर खिडकी, खिडकीखाली रुंद फळी. ती सगळ्यांत मानाची जागा, कोरडी आणि हवेशीर. दुसऱ्या टोकाला अंधारा कोनाडा, आणि त्याच्या मागे लाँड्रीची भिंत. भिंतीपलीकडे लाँड्रीवाल्यांचा पाणी तापवायचा मोठा बंब. दिवसभर वाफ, साबण, ओले कपडे. तिथे बाबांनी कधी चिमूटभर पान ठेवलं नव्हतं. फुटके पेले आणि रिकामी पोती तेवढी टाकलेली असायची.

ताईनं आपलं मडकं खिडकीखालच्या फळीवर ठेवलं. सूनबाईचंही शेजारीच ठेवलं, बाबा बघत होते ना. दोन दिवस ते तिथे राहिलं. तिसऱ्या दिवशी फळी पुसताना ताईला ते डोळ्यांत खुपलं. कसं ऐटीत बसलंय बघा, ती मनात म्हणाली. अगदी मालकिणीसारखं! तिनं ते उचललं, पोटाशी धरून कोठीच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि कोनाड्यात, पार आत, भिंतीला टेकवून ढकललं. पुढे रिकामी पोती लावली. साबणाचा वास लागू दे, बुरशी धरू दे, कुजू दे. असं तिनं स्पष्ट, शब्दांत मनात म्हटलं. मग कडी लावली, बाहेर आली आणि दोन घास जास्त जेवली.

त्यानंतर तिनं कोनाड्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघायची भीती वाटायची. वास आला तर? दया आली तर? त्यापेक्षा नकोच.

स्वतःच्या मडक्याचे मात्र लाड बघावेत! दिवसाआड झाकण उघडायचं, हात घालून पान खालवर करायचं, नाक खुपसून वास घ्यायचा. कोरड्या दिवसांत कापड पसरून सावलीत हवा द्यायची. चिमूटभर काढून चाखायचं. "कसं चाललंय तुझं?" असं ती त्या मडक्याला खरोखर विचारायची. कुणी ऐकलं नाही म्हणून बरं. भाऊ म्हणायचा, "ताई, चाखून चाखूनच संपवणार तू ते." ताई त्याच्यावर डोळे वटारायची. पण मडकं पहिल्यापेक्षा हलकं लागायला लागलं होतं, हे खरं होतं. आणि आणखी एक गोष्ट खरी होती. तो सुवास, तो फुलांचा घमघमाट, दर खेपेला थोडा कमी यायचा. ताई स्वतःला सांगायची, मुरतंय. आत जातोय वास. मुरतंय.

वर्षं गेली. सूनबाईला मुलगी झाली, ती चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली, आणि तिचे दुधाचे दात पडायला लागले तेव्हा दलालकाका एका सकाळी येऊन म्हणाले, "आता उघडा की. मी मेल्यावर उघडणार का?"

भाऊ मडकी आणायला निघाला तशी ताई झटकन उठली. "मी आणते." कोठीत जाऊन तिनं रिकामी पोती बाजूला केली. मडक्याची बाहेरची बाजू गुळगुळीत, कोमट लागली. झाकणाचं कापड जरा पिवळं पडलं होतं. वास घ्यायचा धीर तिला झाला नाही. तिनं ते कापडानं पुसलं, आधी तेच बाहेर नेलं आणि टेबलावर आदळल्यासारखं ठेवलं. मग आपलं आणलं, हळूच.

किटली उकळली. भाऊनं पान झाकणाच्या वाट्यांत घातलं, पहिल्या पाण्यानं ते धुवून पाणी फेकलं, दुसरं ओतलं. दोन्ही चहा पेल्यांत उतरले आणि चाखायच्या आधीच निकाल लागला. ताईचा चहा फिकट, सकाळच्या कोवळ्या उन्हासारखा, इतक्या वर्षांनंतर होता तिथेच. सूनबाईचा चहा तांब्याच्या रंगाचा, दाट, आणि पेल्याच्या कडेला लालसर.

बाबांनी घोट घेतला, पण ते काही बोलणार नव्हते. त्यांनी मान काकांकडे वळवली. काकांनी आधी ताईचा पेला घेतला, तोंडात घोळवला, गिळला आणि हळूच बाजूला ठेवला. "यात काही नाही उरलं," ते म्हणाले. तिच्याकडे न बघता म्हणाले, तेवढी त्यांची मेहेरबानी. मग दुसरा पेला घेतला. डोळे मिटले. बराच वेळ डोळे मिटूनच होते. भाऊनं न राहवून विचारलं, "काका?"

"थांब रे," काका म्हणाले. "अजून येतोय."

ताईनंही घेतला. न घेऊन सांगते कुणाला? घोट आत गेला आणि तिला ओळख पटली. तोच तो. कानशिलं तापवणारा. पण आता सगळी धार गेलेली, जुन्या लाकडासारखा, ओल्या मातीसारखा, आणि मग घशातून तो गोडवा, ज्याची तिनं त्या दिवशी वाट पाहिली होती. बुरशी नाही. साबण नाही. लाँड्रीच्या भिंतीची ऊब आणि बेताची ओल त्याला मिळाली होती, अंधार मिळाला होता, आणि कुणाचा हात लागला नव्हता. ताईच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं राहिलं. लाडात वाढवलेलं तिनं उघडून उघडून विटवलं, आणि कुजावं म्हणून टाकलेलं सोनं झालं.

"पान तर उत्तमच होतं," काका म्हणाले, "पण नुसत्या पानानं हे होत नाही. असं ठेवणं मी माझ्या आयुष्यात दोनदा-तीनदा बघितलंय. ठेवलं कुणी?"

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या लेकीनं," ते म्हणाले. त्यांनी ताईचा हात धरला. "बघा. स्वतःचं हरत होतं ते हिला दिसत असणार. हिचं नाक का कमी आहे? तरी हिनं सुनेचं मडकं स्वतःच्या मडक्यापेक्षा जास्त जपलं. पान निवडणारे पुष्कळ मिळतील. खुर्चीत बसायला हे मन लागतं. मी शब्द फिरवतोय, सूनबाई, राग मानू नकोस. खुर्ची ताईची."

भाऊनं टाळ्या वाजवल्या. काकांनी मान डोलावली. ताईला वाटलं, टेबलाखाली भोक पडावं आणि आपण त्यातून खाली जावं. आयुष्यभर जे ऐकायला ती तरसली ते बाबा बोलले होते, आणि त्यातलं अक्षरही तिचं नव्हतं.

सूनबाई उठली. रिकामे पेले गोळा करून मागे मोरीत गेली. ताई थोड्या वेळानं तिच्या मागोमाग गेली. का गेली? समाधान मानायला गेली म्हणा. ही रडत असेल, निदान ते तरी बघू. पण सूनबाई रडत नव्हती. पेले खसाखसा घासत होती.

"आदळआपट करू नकोस, फुटतील," ताई म्हणाली.

"तुम्ही ते मडकं मागे नेलंत ना, ताई," सूनबाई पाठमोरीच म्हणाली, "तेव्हा मी कोठीच्या दारात होते."

ताईनं चटकन मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

"कशाला नेलंत तेही कळलं. तोंडावर दिसत होतं तुमच्या. मी तशीच बाबांकडे निघाले होते. मग म्हटलं, आधी बघावं तरी. तुम्ही बाजारात गेलात, किल्ली खुंटीवर राहिली होती, तेव्हा आत जाऊन भिंतीला हात लावला. ऊबदार होती. कोपऱ्यात वास घेतला, साबणाचा नव्हता, भिंत जाड आहे. म्हटलं, अगं बाई, याच्याहून चांगली जागा आपल्याला शोधूनही सापडली नसती. राहू दे तिथेच."

म्हणजे ताईचा द्वेषसुद्धा हिनं चाखून बघितला होता, आणि बरोबर ओळखला होता! ती संतापून म्हणाली, "मग आत्ता बोलली का नाहीस? बाबांसमोर? खुर्ची नको होती तुला?"

"हवी होती की! जीव टाकते मी त्या खुर्चीवर." सूनबाई वळली. चेहरा लालबुंद झाला होता. "पण मी तरी कोणती साधी? तुमचं मडकं तुम्ही रोज उघडता, ते मला दिसत नव्हतं? पान विटतंय ते कळत नव्हतं? एकदा म्हटलं असतं, ताई, नका उघडू, तर थोडंतरी वाचलं असतं. नाही म्हटलं. मुद्दाम नाही म्हटलं. बघत बसले."

"का?" ताईनं विचारलं. तिला खरंच कळेना.

"का म्हणजे? जळते मी तुमच्यावर!" सूनबाई ओरडलीच. "तुम्ही बाबांच्या मांडीवर बसून शिकलात. ते तुम्हाला घोट भरवायचे. मला कुणी काय शिकवलं? माझ्या घरी चहा म्हणजे उकळलेलं पाणी. इथे आल्यापासून मी अंदाजानं बोलते आणि चुकले तर काय, या भीतीनं माझी रात्र रात्र झोप जाते. बाबा मला विचारतात 'तुला काय वाटतं गं', कारण मी परकी. तुम्हाला विचारत नाहीत, कारण तुमचं त्यांना विचारायला लागतच नाही. तोंडाकडे बघूनच कळतं त्यांना!"

ताई बघतच राहिली. तिच्यावर कुणी जळतं? तिच्यावर? आजवर कुणाला तिचा हेवा वाटला नव्हता. वाटावा असं काय होतं तिच्यापाशी? क्षणभर तिला इतकं बरं वाटलं की हसूच आलं, आणि पाठोपाठ लाज वाटली, आणि त्याच्याही पाठोपाठ जुना जळफळाट होताच. जिला स्वतःचा खोटेपणा एवढा सरळ सांगता येतो तिचाही हेवाच वाटायचा!

ती तशीच फिरली आणि बाहेर आली. काका निघायच्या तयारीत होते. बाबा खुर्चीची पाठ फडक्यानं पुसत होते, तिच्यासाठी.

"बाबा, पुसू नका. मी त्यात बसणार नाही."

"आता काय झालं?"

"ते मडकं मी जपलं नाही. कुजावं म्हणून लाँड्रीच्या भिंतीला नेऊन टाकलं. बुरशी धरावी म्हणून. ते चांगलं निघालं यात माझा काडीचा हात नाही."

बाबांचा हात थांबला. भाऊनं "ताई!" म्हटलं. बाबांचं तोंड असं उतरलं की ताईनं मान दुसरीकडे वळवली, पण बोलायची थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा कधी बोलली नसती.

"आणि अजून ऐका. त्या दिवशी मलाही तेच पान आवडलं होतं. कडू होतं ते. माझ्या जिभेनं मला बरोबर सांगितलं होतं. पण हिनं आधी हात ठेवला म्हणून मी दुसरं घेतलं. मला ठाऊक होतं ते भाजलेलं आहे. ठाऊक असून घेतलं."

दलालकाका हळूच परत खाली बसले. बाबांनी फडक्याची घडी केली, पुन्हा मोडली. बोलले तेव्हा त्यांचा आवाज खरखरीत झाला होता. "चुकीचं चाखलं असतंस तर मी माफ केलं असतं. चुकतो माणूस. पण बरोबर चाखून खोटं बोललीस? या टेबलाशी?"

"हो."

"मग नाहीच बसायचं तू तिथे." त्यांनी फडकं टेबलावर टाकलं. "सूनबाई!"

सूनबाई ओले हात पदराला पुसत दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ताईला वाटलं, आता ही म्हणेल नको बाबा, ताईंनाच बसू द्या, मीही गप्प राहिले. एकदा तरी म्हणेल. पण सूनबाई आली आणि सरळ खुर्चीत बसली. पाठ टेकून बसली, पाय नीट लांब करून. ताईच्या पोटात अशी कळ उठली की तिला वाटलं, आपण आत्ता जे बोललो ते सगळं परत गिळून टाकावं.

"पाणी ठेव," बाबा भाऊला म्हणाले. "पुन्हा करा. नियमानं."

भाऊनं पाणी ठेवलं. तांबडा चहा पुन्हा पेल्यांत उतरला. सूनबाईनं पहिला घोट घेतला आणि पेला धरून बसली. ताईनं घेतला, काकांनी घेतला. कुणीच बोलेना. खुर्चीला शेवटी बोलायचं असतं, त्यामुळे सूनबाईला तोंड उघडता येत नव्हतं. ती ताईकडे बघत राहिली.

"बोला ना, ताई," शेवटी ती म्हणाली. "तुमचं झाल्याशिवाय मला बोलता यायचं नाही."

ताईनं आणखी एक घोट घेतला. सावकाश गिळला. वाट पाहिली.

"उत्तम आहे," ती म्हणाली. "असा चहा या दुकानात झाला नाही. आणि माझा जीव जळतोय."

"मला पण तसंच लागतंय," सूनबाई म्हणाली, आणि तिनं पेला पुन्हा तोंडाला लावला.